वाखाचा कासरा गेला, आता अंबाडी मोटारीच्या दारात

पोळ्याच्या आधी पाथरीच्या बाजारात कासरा घ्यायला गेलो होतो. दुकानात सगळे दोर प्लास्टिकचे, लाल-पिवळे-हिरवे. विचारलं, "भाऊ, वाखाचा हाय का एखादा?" तो हसला. "वाख काढतंय कोण आता, काका? अन् घेतंय तरी कोण?"

खरंय त्याचं. आपल्याकडं कापूस-तुरीत दोन तासं अंबाडीची असायची. पाल्याची भाजी व्हायची, लसणाची फोडणी अन् ज्वारीची भाकर. झाड वाढलं की कापून पाण्यात सडवायचं, वाख सोलायचा, दावी-कासरे वळायचे. आता भाजीपुरती अंबाडी उरली.

पण हीच अंबाडी जगात केनाफ नावानं ओळखली जाते आणि ती मोटारींच्या दारात बसते. फोर्डनं २०१३ च्या एस्केप गाडीत दाराच्या आतल्या भागासाठी अर्धी अंबाडी अन् अर्धं पॉलिप्रॉपिलीन असं मिश्रण वापरलं. त्या भागाचं वजन २५ टक्क्यांनी कमी झालं. टोयोटा समूहातली टोयोटा बोशोकूही दाराच्या आतल्या भागांसाठी केनाफ वापरत आली आहे.

पॉलिप्रॉपिलीन म्हणजे काही परकं नाही. खताची गोणी त्याचीच. बाजारात आपण ज्याला नायलॉन म्हणतो तो दोरही पुष्कळदा त्याचाच असतो. म्हणजे ज्या प्लास्टिकनं अंबाडीला बाजारातून हाकललं, त्यालाच आता बळकटीसाठी अंबाडी लागते. गंमतच आहे.

जोडी जमते त्याला कारण आहे. हे प्लास्टिक साधारण १६५ अंशाला वितळतं, अन् वनस्पतीचा तंतू २०० अंशाच्या आसपास करपायला लागतो. त्या मधल्या जागेत काम उरकतं. खरं नायलॉन वितळायलाच २२० अंश लागतात, तिथं अंबाडी जळून जाईल. वजनाचं म्हणाल तर घन सेंटिमीटरला काचतंतू अडीच ग्रॅमच्या वर भरतो, अंबाडी दीडच्या आतबाहेर. काचेसारखी अंगाला खाजही सुटत नाही.

दोषही सांगतो, नाहीतर उद्या कुणी माझंच नाव घेऊन बियाणं विकायचा. तंतू पाणी पितो अन् फुगतो. प्लास्टिकला पाणी नकोसं, म्हणून दोघं नीट चिकटत नाहीत. त्यासाठी तंतू कॉस्टिक सोड्यात धुतात किंवा चिकटवणारं रसायन घालतात. माल ओला राहिला तर साच्यात वाफ होऊन फुगे येतात. कापसावर पाणी मारून वजन वाढवायची आपली सवय इथं पहिल्याच ट्रकला उघडी पडेल. आणि कुणी याला 'मातीत विरघळणारं प्लास्टिक' म्हणत असेल तर ते खोटं आहे. त्यातलं प्लास्टिक प्लास्टिकच राहतं, फक्त कमी लागतं.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, पाण्याची. अंबाडी सडवायला दिवसेंदिवस साचलेलं पाणी लागतं, ते काळं पडतं, घाण मारतं. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागातून जातो म्हणून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांचं विसरायचं का? नाल्यात अंबाडी टाका असं मी कुणाला सांगणार नाही. त्यापेक्षा ओल्या खोडाची साल यंत्रानं काढून तेवढीच टाकीत सडवता येते, पाणी खूप कमी लागतं. बंगालमधल्या बराकपूरच्या ताग संशोधन संस्थेनं सडवण्याचे दिवस कमी करणारी जिवाणूंची पूडही केली आहे. परभणीच्या आपल्या वसंतराव नाईक कृषी विद्यापीठानं हे यंत्र अन् ही पूड पाथरीच्या एखाद्या शिवारात चालवून दाखवावी. किती लिटर पाणी, किती वाख, किती मजुरी, ते चारचौघांत मोजावं. परिसंवाद नको, मोजमाप पाहिजे.

गिऱ्हाईक तर जवळच येतंय. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं टोयोटा किर्लोस्करशी छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला, आकडा सुमारे २० हजार कोटींचा. वाळूज-शेंद्र्यात सुटे भाग बनवणारे आधीपासून आहेत. त्यांना जमीन, वीज, कर यांत सवलती देताना सरकारनं एकच अट घालावी. गाडीत वनस्पतीचा तंतू वापरणार असाल तर त्यातला ठरावीक हिस्सा मराठवाड्यातून, आधी ठरलेल्या भावानं घ्या. आपले आमदार-खासदार हे विचारतील का, हा माझा प्रश्न आहे.

कारण आधी पेरा, मग गिऱ्हाईक शोधू, हा खेळ आपण खूप खेळलो. सफेद मुसळी झाली, कोरफड झाली, जट्रोफा झाला, इमूसुद्धा झाला! लेखी करार हातात येईपर्यंत कुणी कापूस मोडून अंबाडी लावू नये. दोन तासं भाजीसाठी लावा, ती कुठं जात नाही.

ज्यांच्या घरी अजून वाख काढतात किंवा गावरान अंबाडीचं बी धरून ठेवलंय, त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. विद्यापीठाला द्यायचा अर्ज मी तयार करतोय, त्यासोबत ती यादी जोडू.