ट्रॉलीचे टायर

हंगाम आला कीं आपण ट्रॅक्टरची डागडुजी आवर्जून करितों. मागील ट्रॉलीस मात्र ट्रकवरून उतरविलेले घासके टायरही चालतात, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. सारें ओझें ट्रॉलीवरच असतें! कापूस हलका खरा. परंतु चैत्रांत हरभऱ्याचीं पोतीं रचून अकोल्याच्या बाजारास निघालें, म्हणजे परीक्षा होते. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्यें १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालें. अशा गुळगुळीत रस्त्यावर वेगाचा मोह होतो. कमी हवेचा टायर ओझ्याखालीं सारखा दबतो, आंतून तापतो व अखेर फुटतो. जुना टायर नक्षी पाहून घेऊं नये. कडेवर भारक्षमतेचा आंकडा असतो, तसेच जन्मतिथीचे चार आंकडे: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानदार घाई करील. आपण वाकून वाचावें.