वही कुणाची, वाण कुणाचे?

शोध आधी कुणाच्या मनात आला, हे सिद्ध कसे करायचे? १६ मार्च २०१३ पूर्वीच्या अमेरिकी पेटंट अर्जांना ‘आधी कल्पिले कोणी’ हा निकष लागू होता. पण शोधकाच्या नुसत्या शब्दावर तिथले न्यायालय विसंबत नसे. तारखेची, साक्षीदाराच्या सहीची वही लागे. म्हणजे कल्पनेचा मान प्रत्यक्षात नोंदीला.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको स्थापन केली आणि जिल्ह्याची ओळखच बियाण्यांची झाली. कंपनीतल्या पैदासकाराच्या दप्तरी नर कोणता, मादी कोणती, पेरणी केव्हा, सारे लिहिलेले असते. शेतकऱ्याजवळ असते कणगी. तिची साक्ष कोण घेणार?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे (मराठवाड्यातले नव्हे) दादाजी खोब्रागडे यांचे प्रकरण इथे आठवावे. १९८३ साली ‘पटेल ३’ भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी राखून, वर्षानुवर्षे निवडून त्यांनी बारीक तांदळाचे वाण सिद्ध केले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसृत केले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही वाण शुद्ध केले.

शुद्धीकरणाचे श्रम कोण नाकारतो? पण गाथेची पाठशुद्धी करणाऱ्याला आपण तुकोबा म्हणत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना हे सांगायला नको. तरी जात्यावरच्या ओव्यांच्या पुस्तकावर संकलकाचेच नाव ठळक छापणारे आपणच.

२००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याच्या वाणाला स्थान दिले, त्याला नावीन्याची अटही घातली नाही. मात्र अर्ज, वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थैर्य हे सारे सिद्ध करायचे, म्हणजे पुन्हा कागदच. २००५ साली दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते गेले.

त्यांच्याकडे पुरावा नव्हता, हे मला मान्य नाही. हस्तलिखितांची वंशावळ लावताना नकलाकाराने नकळत ठेवलेली खूण आपण निर्णायक मानतो. इथे ती खूण वाणाच्या नावातच आहे. ते विद्यापीठात जन्मले असेल, तर शेता-बाजारात रुळलेली ती तीन अक्षरे ‘पीकेव्ही’च्या मागे आली कुठून?