तो दगड नव्हता

आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये तीसेक वर्षं एक पांढराशुभ्र तुकडा आहे. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या फुटलेला. बँकेतला एक सहकारी एलटीसी घेऊन अंदमानला गेला होता, त्यानं येताना आणलेला. येणारा पाहुणा तो हातात घेऊन विचारी, "हे काय हो?" आणि मी जाणकाराच्या थाटात सांगे, "प्रवाळ. समुद्रातला दगड असतो एक." ही चुकीची माहिती मी तीस वर्षं मोठ्या आत्मविश्वासानं देत आलो. ती दुरुस्त झाली गेल्या हिवाळ्यात, एका पोरसवदा मुलाच्या ओरडण्यानं.

अंदमानला गेलेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेलकडे वळतो. आम्हीही वळलो. सावरकरांच्या कोठडीपुढे काही वेळ मुक्यानं उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वंडूरला गेलो. पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम आहे) हे गाव तीसेक किलोमीटरवर. इथलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झालं. धक्क्यावर पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात. मग बोट खारफुटीच्या खाडीतून जॉली बॉय बेटाकडे निघते.

बेटाला धक्का नाही. मोठी बोट लांब थांबते आणि काचेच्या तळाच्या होडीतून माणसं काठाला जातात. त्या काचेतून पाहूनच सौ.चं समाधान झालं. माझं झालं नाही. पाण्यात नेणाऱ्या मुलानं विचारलं, "अंकल, तैरना आता है?" मी छाती पुढे काढून हो म्हणालो. लहानपणी कमरेला वाळका भोपळा बांधून गावच्या विहिरीत शिकलो होतो ना! त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली, हे सांगायचं राहिलं.

डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. तोंड पाण्याखाली घातलं आणि वरचं जग बंद झालं. खाली झाडं नव्हती, तरी बाग होती. मेंदूसारख्या वळ्यांचे गोल खडक, फांद्याफांद्यांची झुडपं आणि त्यांतून पळणारे निळे-पिवळे मासे. पोपटमासा दातांनी प्रवाळ खरवडत होता, त्याचा करकर आवाज पाण्यात ऐकू येत होता. खरवडलेला चुना त्याच्या पोटात दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर सौ. रुमाल अंथरून बसली होती, तिच्यातला बराचसा भाग असा तयार झालेला. समुद्रफुलाच्या झुपक्यात केशरी विदूषकमासे होते. त्यांच्यात कर्ती असते मादी, आणि ती मेली की तिच्या जोडीचा नरच मादी होतो. ही माहिती सौ.ला फार आवडली.

एवढ्यात मास्कमध्ये पाणी शिरलं. श्वास कोंडला, हातपाय झाडले आणि पायाला काहीतरी टणक लागताच मी त्यावर उभा राहिलो. हायसं वाटलं. तोच तो मुलगा ओरडला, "अंकल, पाँव मत रखो! वो ज़िंदा है!"

पायाखाली कट्‌ असं झालं होतं. बोटभर लांबीची एक फांदी तुटून खाली पडली होती. मुलगा रागावला नाही. त्यानं मला कडं धरायला दिलं आणि गप्प राहिला. त्याचं गप्प राहणंच मला जास्त लागलं.

प्रवाळ हा प्राणी आहे. मोहरीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असंख्य जीव एकमेकांना चिकटून वाढतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करून यजमानाला देतं, रंगही देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभरानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा भाडेकरू घर सोडतो. प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरू लागतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली अंदमानच्या प्रवाळानं हे भोगलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातली चौथी अशी लाट जाहीर केली.

गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. फांद्यांचं जरा भराभर, पण तेही वर्षाला वीतभरच, अन्‌ तेसुद्धा सगळं नीट जमलं तर. मी हयातभर बँकेत लोकांची खाती पाहिली. भरणा पैशापैशानं आणि उचल रोज रांगेनं, असं खातं कुठे जातं हे सांगायला व्यवस्थापक लागत नाही. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा प्रवाळानं व्यापलेला नाही, आणि समुद्रातल्या सुमारे पाव जीवजाती त्याच्या आसऱ्यानं जगतात. आपण उचलतो आहोत ते व्याज नाही, मुद्दल आहे.

कुणी म्हणेल, समुद्रच तापतोय, तिथं एका म्हाताऱ्याच्या पायानं काय होणार? घरात कुणी तापानं फणफणलेलं असताना त्याच्या अंगावर पाय देऊन आपण जात नाही. ताप उतरवणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, पाय आवरणं आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: त्या मुलाच्या पोटाचं काय? पर्यटक घटले तर तो काय खाईल? पण बाग मेली तर त्याच्याबरोबर पाण्यात कोण उतरणार? थायलंडनं माया बे हा जगप्रसिद्ध किनारा २०१८ साली बंद केला आणि २०२२ च्या जानेवारीत उघडला तो माणसं मोजून, बोटींना आत मज्जाव करून. धंदा बुडाला नाही, त्याला शिस्त लागली.

आपल्या मालवणलाही हे लागू आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहे. तिथं दिवसाला माणसं ठरवून सोडावीत. नांगर प्रवाळावर पडू नये म्हणून बोटी बांधायला कायमचे तरंगते बोये असावेत. ज्याला पाय न टेकता पाच मिनिटं तरंगता येत नाही, त्यानं काचेच्या होडीतून पाहावं. यात कमीपणा नाही, सौ.नं माझ्याहून जास्त पाहिलं. अंगाला क्रीम थापण्यापेक्षा लांब बाह्यांचे कपडे घालावेत, आणि माशांना पाव टाकू नये. यांतल्या शेवटच्या तीन गोष्टींना सरकारही लागत नाही.

टणक प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे. तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. शोकेसमधला तुकडा मी काढलेला नाही. परवा पुतण्याची मुलगी आली, तिनं विचारलं, "आजोबा, हा दगड कुठला?"

म्हटलं, "दगड नाही गं. हाडं आहेत ती." तिनं तो दोन्ही हातांनी धरून जपून जागेवर ठेवला. मे महिन्यात ते सगळे मालवणला जाणार आहेत. तोवर तिला तलावावर तरंगायला शिकवायचं मी कबूल केलंय. आधी अर्थात मलाही शिकावं लागणार आहे.