विश्लेषण : हॉटेलात वाय-फाय ‘फुल’ दिसते, तरी व्हिडीओ कॉल का तुटतो? पर्यटन व्यवसायासाठी हे गणित किती महत्त्वाचे?

कोकणात किंवा महाबळेश्वरला खोली घेण्याआधी हॉटेलला फोन करणारे पूर्वी दोन गोष्टी विचारत. गरम पाणी चोवीस तास असते का आणि गाडी लावायला जागा आहे का? आता तिसरा प्रश्न हमखास येतो. ‘वाय-फाय खोलीत चालते ना, की फक्त रिसेप्शनला?’ या प्रश्नाच्या उत्तरावर अनेकदा बुकिंग ठरते. तरीही ‘फ्री वाय-फाय’ची पाटी लावलेल्या अनेक हॉटेलांत पाहुणे शेवटी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉटच वापरतात. असे का होते?

हॉटेलांसाठी इंटरनेट एवढे मोलाचे का झाले?

पर्यटनस्थळांवरील हॉटेले शनिवार-रविवारी भरतात आणि सोमवार ते गुरुवार रिकामी राहतात. रिकाम्या गेलेल्या रात्रीचे भाडे नंतर कधीच वसूल होत नाही. लॅपटॉपवर काम करणारा पाहुणा मात्र रविवारी संध्याकाळी परतण्याऐवजी आणखी दोन दिवस राहू शकतो. अट एकच, सोमवारची सकाळची मीटिंग विनाअडथळा पार पडली पाहिजे.

साधा हिशेब मांडू. २० खोल्यांचे हॉटेल आहे आणि खोलीचे भाडे ३,००० रुपये आहे. मधल्या चार रात्री रोज तीन खोल्या जास्त गेल्या, तर आठवड्याला १२ रात्रींचे ३६,००० रुपये होतात. उलट, कॉल तुटलेला पाहुणा आधीच निघून जातो आणि जाताना एक तारा देऊन परीक्षणही लिहितो.

वाय-फाय मोफत देण्याची पद्धत कधी रुळली?

एकेकाळी मोठ्या हॉटेल साखळ्या इंटरनेटचे वेगळे पैसे घेत. याची कमाल अमेरिकेतील नॅशव्हिल येथे दिसली. तेथील गेलॉर्ड ऑप्रिलँड हॉटेलच्या परिषद केंद्रात लोकांचे स्वतःचे हॉटस्पॉट अडवले जात होते आणि हॉटेलच्या वाय-फायसाठी प्रत्येक उपकरणामागे २५० ते १,००० डॉलर आकारले जात होते. हॉटेलचे व्यवस्थापन पाहणाऱ्या मॅरियटला या प्रकरणी ऑक्टोबर २०१४ मध्ये ६ लाख डॉलर दंड भरावा लागला. पुढे २०१५ मध्ये मॅरियट, हयात आणि हिल्टन यांनी आपापल्या योजनांत मोफत वाय-फायचा विस्तार केला. आता ‘मोफत’ या शब्दाला वेगळे मोल उरलेले नाही. स्पर्धा आहे ती नीट चालण्याची.

वेगवान कनेक्शन घेऊनही खोलीत वेग का मिळत नाही?

मोबाइलवर दिसणाऱ्या वाय-फायच्या रेघा केवळ फोन आणि जवळच्या राउटरमधील सिग्नल दाखवतात. राउटरच्या पुढे इंटरनेट किती उपलब्ध आहे, हे त्यांवरून कळत नाही. म्हणून रेघा पूर्ण दिसतात आणि कॉल तरीही अडकतो.

दुसरा अडथळा इमारतीचा. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे जेमतेम तीन चॅनेल मिळतात. शेजारशेजारचे राउटर एकाच चॅनेलवर असतील, तर ते आळीपाळीनेच बोलू शकतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त असते, पण हा सिग्नल भिंतीपलीकडे कमी पोहोचतो. कोकणातील जांभ्याच्या जाड भिंती, काँक्रीट, बाथरूमच्या फरशा आणि मोठे आरसे त्याला आणखी रोखतात. व्हरांड्याच्या टोकाला एक राउटर बसवून दहा खोल्या भागवण्याचा प्रयत्न इथेच फसतो. स्वस्तातला रिपीटर लावला तर रेघा वाढतात, पण तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो. त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

किती वेग पुरेसा?

नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस लागतात. झूमवर १०८०पी व्हिडीओसाठी सुमारे ३.८ एमबीपीएस लागतात. रात्री नऊ वाजता आपल्या २० खोल्यांच्या हॉटेलात १५ जण मालिका पाहत असतील आणि पाच जण कॉलवर असतील, तर ७५ अधिक १९ म्हणजे ९४ एमबीपीएस झाले. १०० एमबीपीएसची लाइन इथेच संपली. त्यात कोणाच्या फोनने दिवसभरचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले, की सगळ्यांचेच अडते. म्हणून प्रत्येक उपकरणाला वेगाची मर्यादा घालणे हे मोठा प्लॅन घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अपलोडचा वेगही वेगळा विचारावा लागतो. जाहिरातीत ठळक असतो तो डाउनलोडचा आकडा, पण कॉलवर आपला चेहरा समोरच्याला दिसतो तो अपलोडमुळे.

ओटीपीची कटकट कशासाठी?

यामागे नवी मुंबईतील एक घटना आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांपूर्वीचा धमकीचा ई-मेल सानपाड्यातील एका घराचे असुरक्षित वाय-फाय वापरून पाठवला गेला होता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. एसएमएसने येणारा पासवर्ड त्यातूनच रूढ झाला. परदेशी पाहुण्याकडे भारतीय क्रमांक नसेल तर तो इथेच अडकतो. अशांसाठी पासपोर्ट पाहून रिसेप्शनवर कूपन देण्याची सोय लागते.

अशा प्रकारे घेतलेला क्रमांक हा वैयक्तिक विदा आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. वाय-फायसाठी घेतलेला क्रमांक संमतीशिवाय जाहिरातींसाठी वापरणे हॉटेलांना यापुढे महागात पडू शकते. पाहुण्यांचे वाय-फाय आणि हॉटेलचे बिलिंग व सीसीटीव्ही एकाच नेटवर्कवर ठेवणे हाही मोठा धोका आहे.

लहान हॉटेलांची अडचण काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ग्राहकाला दिलासा मिळाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट गेले. इंटरनेट सेवेवर भरलेला १८ टक्के कर आता या हॉटेलांना वळता करून घेता येत नाही. तो थेट खर्चात जातो. त्यामुळे आधी पैसे कुठे घालायचे, हा प्रश्न त्यांच्यासाठी कळीचा आहे. तांत्रिकदृष्ट्या उत्तर असे : आधी इमारतीत केबल टाकून दोन-तीन खोल्यांमागे एक अ‍ॅक्सेस पॉइंट, मग राउटर आणि स्विचला यूपीएस, मग वेगळ्या मार्गाने येणारे दुसरे कनेक्शन आणि सर्वात शेवटी मोठा प्लॅन. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते किंवा पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा ५०० एमबीपीएसचा प्लॅनही शून्यावर येतो.

ग्राहकाला आधी कसे कळणार?

‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकित मानांकन देण्याचे नियम आणले. त्यात फायबरची सोय, इमारतीच्या आतील मोबाइल नेटवर्क, वाय-फाय आणि प्रत्यक्ष वेग पाहिला जातो. मात्र हे मानांकन ऐच्छिक आहे. तोवर सोपा उपाय म्हणजे बुकिंगआधी हॉटेलकडे रात्री नऊच्या सुमारास, खोलीत, दार लावून घेतलेल्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागणे. त्यात अपलोडचा आकडाही पाहावा. ज्या हॉटेलची तयारी असेल, ते तो लगेच पाठवेल.