पुस्तकातलं शहाणं मूल

शेजारची दुसरीतली पोर परवा माझ्या ओसरीवर गृहपाठ घेऊन बसली होती. 'माझी आई' या विषयावर पाच वाक्यं. पहिलंच वाक्य : माझी आई स्वयंपाक करते व मला डबा देते.

"काय गो, तुझी आई पहाटेच मोपा विमानतळावर ड्युटीला जाते. डबा बाबा भरतो ना?"

"मावशे, पुस्तकात तसाच आसा."

सात वर्षांच्या मुलीने घरातलं खरं पुसून पुस्तकातलं खोटं लिहिलं. आणि त्या वहीवर 'छान' असा शेरा आला! माझं भांडण इथे आहे.

वाचनपुस्तकातलं मूल कसं असतं? दात घासतं, झाड लावतं, मोठ्यांचं ऐकतं. चुकलंच तर पान संपायच्या आत त्याला पश्चात्ताप होतो. त्याला हेवा वाटत नाही, कंटाळा येत नाही. काजूच्या दिवसांत बोंडूच्या रसाने कपडे डागाळून येणारं, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारं आमचं धारगळचं पोर त्या पानांत मावत नाही. ते मूल नव्हेच. मोठ्या माणसांनी आपल्या सोयीसाठी घडवलेली बाहुली आहे.

2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तर त्याची बातमी झाली. एका चित्राची बातमी व्हावी, यातच आधीच्या पुस्तकांची कहाणी आली. आणि चित्रातले आई-बाप बदलले तरी मूल तसंच राहिलं : आज्ञाधारक.

मूल आहे तसं बघणारी माणसं आपल्याकडे झाली नाहीत असं नाही. आदिवासी मुलं गुरांमागे जातात, शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून ताराबाई मोडकांनी शाळाच कुरणात नेली. मुलांना दोष दिला नाही.

"मग संस्कार नकोत का?" आपल्या पाठशाळेतल्या बायका विचारतील. बायांनो, अइमुत्ता मुनींची गोष्ट आपणच सांगतो ना? वाहत्या पाण्यात त्या बालमुनींनी आपलं पात्र सोडलं नि 'माझी नाव, माझी नाव' करत खेळू लागले. थोरले साधू तक्रार घेऊन गेले. भगवान महावीरांनी रागावून बोलावलं का? उलट सांगितलं, त्याची हेटाळणी करू नका, त्याला सांभाळा. तो याच भवात मुक्त होणार आहे. भगवंतांना जे मूल चाललं, ते आपल्या पुस्तकांना चालत नाही!

आपण रविवारी मुलांना सत्य अणुव्रत शिकवतो आणि सोमवारी खोटं लिहायला बसवतो. आज रात्री मुलाचं पुस्तक उघडा आणि एवढंच विचारा, "आपल्या घरी असंच असतं का रे?" मग तो काय म्हणतो ते ऐका. मध्ये बोलू नका.

त्या पोरीला मी खोडरबर दिला. ती घाबरत म्हणाली, "मार्क कापले तर?"

"कापूं दे," मी म्हटलं. "तू खरं लिही."