वाक्केली कुठे गेली?

वाशिममधील वाङ्मयीन कार्यक्रमात स्वागताध्यक्षांना एक गोष्ट सांगावीच लागते. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष देशोदेशी भटकत निघाला, गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग गेली आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला. दहाव्या शतकातील राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तली ही कथा, वत्सगुल्म म्हणजे आपले वाशिम. टाळ्या होतात, शाल-श्रीफळ होते आणि मग शोधनिबंधांचे वाचन सुरू होते. त्याच प्रकरणात काव्यपुरुषाचे वर्णन आहे: शब्दार्थ हे शरीर, संस्कृत हे मुख, प्राकृत हे बाहू, रस हा आत्मा, आणि प्रश्नोत्तरे व कोडी ही त्याची वाक्केली. ही वाक्केली, म्हणजे बोलण्यातला खेळ, स्वागताध्यक्ष वगळतात.

मध्यंतरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या चर्चासत्रासाठी आम्ही ‘अद्भुत, खेळ आणि कथन’ असा परिसंवाद सुचवला होता. विषय पुरेसा गंभीर नाही, असे उत्तर आले. गंभीर विषयांवरच्या त्या चर्चासत्रात प्रत्येक निबंधाला पाच मिनिटे मिळाली आणि चर्चा ‘वेळेअभावी’ रद्द झाली. प्रमाणपत्रे मात्र सर्वांना मिळाली. आम्हीही घेतले.

ज्याला आपण पोरखेळ समजतो तिथे काय चालते, ते पाहावे. 1968 मध्ये अमेरिकेतील लेक जिनीव्हा या, वाशिमहूनही लहान असलेल्या गावी, गॅरी गायगॅक्सने पटावर युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांना एकत्र बोलावले. ते पहिले ‘जेन कॉन’. पुढे 1974 मध्ये त्याचा आणि डेव्ह आर्नेसनचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्र काय करणार ते खेळाडू बोलून सांगतो, साधले की फसले ते फासा ठरवतो. कथा बोलता बोलता घडते. अशा मेळाव्यांत परिसंवादही भरतात. जेन कॉनमध्ये तर लेखकांची स्वतंत्र सत्रे असतात. जादूला नियम असावेत काय, कल्पित देशाचा नकाशा आणि भाषा कशी रचावी, असले विषय. आपण वर्गात कथनमीमांसा म्हणून जे शिकवतो, त्याहून हे फार वेगळे नाही. फरक समोर बसलेल्यांत आहे: त्यांनी पुस्तक वाचलेले असते.

एक उदाहरण पुरे. या खेळात ‘ऑर्क’ नावाची जमात बराच काळ स्वभावतःच दुष्ट मानली जाई. जन्माने कोणी दुष्ट कसा ठरतो, हा प्रश्न खेळाडू आणि लेखक वर्षानुवर्षे विचारत राहिले. 2024 च्या नियमपुस्तकात ‘रेस’ या संज्ञेच्या जागी ‘स्पीशीज’ आली. एवढ्याने प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. जन्माचा हिशेब नव्या शब्दातही उरतोच. पण वाचकांच्या वादामुळे ग्रंथातला शब्द हलला. जन्मावरून माणूस ठरवण्याचा प्रश्न आपल्याहून अधिक कोणाला कळावा? आणि आपल्या चर्चासत्रांनी कोणत्या ग्रंथातला स्वल्पविराम तरी हलवला आहे?

हा सारा बाजार आहे, असा आक्षेप येईल. आहेच. परंतु 2010 च्या यूजीसी नियमावलीने शोधनिबंधाला गुण जोडल्यापासून आपल्याही मांडवात दुकान लागले आहे. तिथे विकत घेतलेले पुस्तक निदान वाचले तरी जाते.

दुसरा आक्षेप अधिक जुना: अद्भुत हे अपरिपक्वतेचे लक्षण. ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मंजुघोषा’ आपण वास्तववाद येण्यापूर्वीचे बाळपणीचे दुखणे म्हणून शिकवतो. पहिले ग्रंथकार संमेलन 1878 चे. विज्ञानकथाकार जयंत नारळीकर अध्यक्ष झाले ते 2021 मध्ये, नाशिकच्या 94 व्या संमेलनात. आणि ज्या वत्सगुल्माचा आपण एवढा अभिमान बाळगतो, तिथल्या वाकाटक राजा सर्वसेनाने आपल्या ‘हरिविजय’ या प्राकृत काव्यासाठी कोणता विषय निवडला होता? सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून आणलेला पारिजात. ते काव्य आज लुप्त आहे. अलंकारशास्त्रकारांनी घेतलेल्या अवतरणांत उरले तेवढेच आपल्याकडे आहे.

आमच्या वर्गातली मुले हॅरी पॉटर मराठीतून वाचतात, मोबाईलवर तासन्‌तास राज्ये उभारतात आणि पाडतात, आणि परीक्षेत अद्भुतरसाची व्याख्या पाठ करून लिहितात. या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही. त्यांत आम्हीही आलो.

प्रस्ताव आम्ही पुन्हा पाठवला आहे. ‘हरिविजया’चे उरलेले तुकडे टेबलावर ठेवायचे, कृष्ण, सत्यभामा, इंद्र अशी पात्रे विद्यार्थ्यांनी वाटून घ्यायची आणि हरवलेली कथा बोलून पुरी करायची. मग एक तास त्यांनी प्रश्न विचारायचे आणि आम्ही अध्यापकांनी उत्तरे द्यायची. निबंधवाचन वेळ उरल्यास. प्रमाणपत्र कोणालाच नाही.