शेवट उधारीवर!

गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक न लिहिलेला करार असतो. ऐकणाऱ्याने आपला वेळ द्यायचा आणि सांगणाऱ्याने त्याला शेवटापर्यंत नेऊन पोहोचवायचे. खुनाच्या गोष्टीत तर हा करार अधिकच कडक. कारण तेथे आरंभीच प्रेत दाखवून लेखकाने कर्ज काढलेले असते. हे कर्ज राजरोसपणे बुडविण्याची तऱ्हा अलीकडे दूरचित्रवाणीने काढली आहे, आणि आमची तक्रार तिच्याविरुद्ध आहे.

'देवमाणूस'चेच उदाहरण घ्या. ३१ ऑगस्ट २०२० रोजी झी मराठीवर ही मालिका सुरू झाली. गाव ज्याला देव मानते तो डॉक्टरच खुनी, आणि हे प्रेक्षकाला ठाऊक, गावाला नाही! आमच्या पारगावात बिबट्याच्या भीतीने अंधार पडला की दारे लागतात. त्यातून ते करोनाचे दिवस. घरोघर आजीपासून नातवापर्यंत सारे जण त्या डॉक्टरचे पाप कधी उघडे पडते याची वाट पाहत बसले. एक दिवस नव्हे, जवळजवळ वर्षभर बसले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी शेवटचा भाग आला आणि मंडळी हात चोळीत उठली. खुन्याचा निकाल लागलाच नव्हता! का लागला नव्हता, ते १९ डिसेंबरला उमगले. त्या दिवशी 'देवमाणूस २' सुरू झाली. २०२५ साली 'मधला अध्याय'ही आला. म्हणजे ज्याला आपण शेवट समजलो, तो शेवट नव्हता. 'दुकान लवकरच पुन्हा उघडेल' अशी ती पाटी होती.

यावर मालिकेचे कैवारी म्हणतील, लोकप्रिय पात्र परत आणण्यात वाईट काय? कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले आणि वाचकांच्या आग्रहास्तव पुन्हा जिवंत केले, ते चालले ना? चालले, पण त्याने परत आणला तो गुप्तहेर, खुनी नव्हे! आणि होम्सची प्रत्येक कथा आपला हिशेब आपणच चुकता करीत होती. आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड पुन्हापुन्हा आले. पण एका पुस्तकातले प्रेत दुसऱ्या पुस्तकाच्या दारात टाकून ते कधी पसार झाले नाहीत. दूरदर्शनवर १९९३ साली आलेला ब्योमकेश बक्षीही एकदोन भागांत रहस्य उलगडून मोकळा होत असे.

दुसरा बचाव असा की, खऱ्या आयुष्यात तरी गुन्हेगार कोठे लगेच सापडतात? हा युक्तिवाद 'देवमाणूस'ला तर मुळीच शोभत नाही. ही मालिका ज्या प्रकरणावरून सुचली असे म्हणतात, ते वाईजवळच्या धोमचे हत्याकांड २०१६ च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आले. तेरा वर्षांत सहा माणसे नाहीशी झाली होती. त्यांची माणसे इतकी वर्षे वाटेकडे डोळे लावून होती. असले खरे दुःख ज्याने उसने घेतले, त्याने निदान कथेत तरी न्यायाचा मुक्काम गाठावयास हवा होता. न्यायालयाला पुरावा तपासावा लागतो, तारखा द्याव्या लागतात. लेखकाला पुढची तारीख मागण्याचे कारण काय? खुनी सुटला असे दाखवायचे असेल तर खुशाल दाखवा. पण तो कसा सुटला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगा. तोही शेवटच होईल. प्रेक्षक रक्ताचा तहानलेला नाही. त्याला उत्तर हवे आहे.

खरी गोम निराळीच आहे. मालिका आधी पुरी लिहून मग दाखवीत नाहीत. ती दाखविता दाखविता लिहितात. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते चढले की कथा ताणावयाची, उतरले की गुंडाळावयाची. मग शेवट लेखक लिहीत नाही, आकडा लिहितो.

आमचा प्रेक्षक अडाणी आहे, त्याला काही कळत नाही, असे मुंबईत कोणी समजत असेल तर त्याने एकदा आमच्या जुन्नर-आंबेगावकडे यावे. नारायणगाव आमच्या शेजारचे, तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचा वग पाहिलेली म्हातारी माणसे अजून येथे आहेत. गण, गौळण, बतावणी होऊन वग उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटे; पण पहाटे राजाचा न्याय झाल्याखेरीज घोंगडी झटकून कोणी उठत नसे. अर्ध्यावर वग टाकून 'बाकीचा पुढल्या जत्रेला' असे म्हणण्याची एखाद्या फडमालकाची छाती झाली असती काय? गावाने त्याला वेशीबाहेर जाऊ दिले नसते!

म्हणून मालिकावाल्यांना आमचे एकच सांगणे आहे : पहिला भाग दाखविण्यापूर्वी शेवटचा लिहून ठेवा. आणि प्रेक्षकांना सांगणे असे की, ज्याने एकदा शेवट बुडविला त्याला पुढची रात्र उधार देऊ नका.

नरकचतुर्दशीला पहाटे आपण अंगठ्याखाली कारीट चिरडतो, आणि नरकासुर मेला म्हणून फराळाला बसतो. त्याचा 'भाग दुसरा' काढण्याची बुद्धी आपल्या पूर्वजांना झाली नाही, हे आपले नशीब. नाहीतर आपली दिवाळी अजून लांबणीवरच असती!